शेवटच्या पातीपाशी थांबा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते, फेब्रुवारीत आठ दिवस मंगळवेढ्याजवळ माहेरी ज्वारी काढणीला जाणार आहे. पक्षी बघायची आवड नुकतीच लागलीय, नऊ वर्षांची मुलगी पण सोबत असेल. काढणीच्या गडबडीत पक्षी दिसतात का, की लांब माळावर जावं लागेल? कॅमेरा नाही, एकच दुर्बीण आहे.

उत्तर : ताई, माळावर जायची घाई अजिबात करू नका, काढणी चालू असलेलं रान हीच या दिवसांतली सगळ्यात भारी जागा आहे. मालदांडी ज्वारी माणसापेक्षा उंच वाढते त्यामुळे तीन-चार महिने आत काय चाललंय ते बाहेरून कळतच नाही. तुमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात, म्हणजे मुळासोबत मातीचं ढेकूळ निघतं आणि त्यातले किडे, अळ्या, भेगांमधले नाकतोडे सगळे एकदम उघड्यावर येतात. पक्ष्यांना हे पक्कं माहीत असतं. गायबगळे बायकांच्या मागं चार पावलांवर चालत असतात, कोतवाल अजून उभ्या असलेल्या धाटावर बसून झेप घेतो आणि परत त्याच कणसावर येऊन बसतो, तारेवर वेडे राघू असतात. बांधावरच्या बाभळीत खाटीक दिसला तर काटे जरा नीट बघा, त्यानं पकडलेला नाकतोडा काट्याला टोचून ठेवलेला सापडू शकतो, मुलीला ते आयुष्यभर लक्षात राहील.

आता उभं कुठं राहायचं. जिथं उपटलेलं रान संपतं आणि उभी ज्वारी सुरू होते त्या कडेपासून वीस-तीस पावलं लांब, ऊन पाठीवर घेऊन बसा. आणि शेवटच्या चार-पाच पाती (काढायच्या ओळी) राहिल्या की काहीही काम असलं तरी ते सोडून तिथं या, कारण दिवसभर माणसांच्या पुढं पुढं सरकत गेलेलं सगळं त्या तुकड्यात गोळा झालेलं असतं. लावा पायाखालून भुर्रकन उडतो, तित्तर पळत सुटतात, ससा निघतो, नशीब असेल तर रानमांजर किंवा खोकड. म्हणूनच एक विनंती, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रान चारी बाजूंनी घेरून काढू नका. एका बाजूनं सुरू करून गवत-झुडपं असलेल्या बांधाकडं सरकत जायचं, म्हणजे आतल्या जिवाला पळायला आडोसा मिळतो. कुत्री तेवढा वेळ बांधून ठेवा. मजुरी वाढत नाही, वेळ जात नाही, पण दरवर्षी काही जीव वाचतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दुपारी काही नाही, झोपा काढा. संध्याकाळी पाचनंतर मोकळ्या झालेल्या रानावर भोवत्या शोधा, हा शिकारी पक्षी जमिनीपासून अगदी थोडा वर, पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून तरंगत फिरतो. राखाडी असेल आणि पंखावर काळी रेघ असेल तर तो माँटेग्यूच्या भोवत्याचा नर. युरोप, कझाकस्तानकडून येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातो, रात्री गवताळ माळावर जमिनीवरच झोपतो. कापशी घार एका जागी हवेत पंख मारत थांबलेली दिसली की खाली उंदीर आहे समजा. अंधार पडल्यावर कडब्याच्या गंजीजवळ गप्प बसलात तर पिंगळ्यांचं भांडण ऐकू येईल, गव्हाणी घुबड आलं तर मात्र आवाजच येत नाही, पांढरं काहीतरी सरकून गेल्यासारखं वाटतं. कॅमेरा नाही ते उलट बरंय. एक वही घ्या, तारीख, वेळ, रान कुठवर काढून झालं होतं आणि कोण काय करत होतं एवढं मुलीच्या हातानं लिहून घ्या.

प्रश्न : भोरड्यांनी (गुलाबी मैनांनी) वैताग आणलाय, हजारोंनी उतरतात आणि हुरड्यात आलेली कणसं रिकामी करतात. तुम्ही पक्षीप्रेमी लोक म्हणता मारू नका, मग आम्ही खायचं काय?

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे, ज्याचं एकच एकर आहे आणि आजूबाजूला कुणाची ज्वारी नाही त्याच्यावर सगळा थवा पडतो हे मी स्वतःच्या शेतात बघितलंय. पण विषारी दाणे टाकू नका, त्यानं मोर, होले, तित्तर मरतात, त्यांना खाणारी मांजरं-कुत्री पण मरतात आणि वर 1972 च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहेच. बारीक नायलॉनची जाळी पण नको, रात्री घुबडं अडकून मरतात.

भोरड्या सकाळी आणि संध्याकाळी जास्त खातात, तेव्हा दिवसभर राखण करून दमण्यापेक्षा या दोन वेळा राखणीच्या माळ्यावर (मचाणावर) माणूस पक्का ठेवा. गोफण, डबा, जुन्या कॅसेटची टेप ताणून बांधणं, सगळं चालतं, फक्त दर तीन-चार दिवसांनी बदला, सवय झाली की ते घाबरत नाहीत. शेजाऱ्यांशी बोलून पेरणी एकाच आठवड्यात झाली तर नुकसान वाटलं जातं. आणि हेही खरंय की हाच पक्षी नाकतोडे नि टोळ प्रचंड खातो, चीनच्या शिंजियांगमध्ये टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात.

प्रश्न : ऊसतोडीत गेल्या आठवड्यात तीन पिल्लं सापडली, लोक बिबट्याची म्हणतात. पोरांनी उचलून घरी आणली, फोटो काढले. पुढच्या वेळी काय करायचं?

उत्तर : पिल्लं अजून घरी असतील तर हे वाचता वाचता 1926 ला फोन लावा, वनखात्याचा टोल-फ्री नंबर आहे. पुढच्या वेळी हात लावायचा नाही, त्या भागातली तोड लगेच थांबवायची, पोराबाळांना घेऊन सगळ्यांनी बाजूला व्हायचं. आई जवळच असते आणि खरा धोका तिथंच आहे. जुन्नर, शिरूर, आंबेगाव भागात माणसं गेलीत, त्यामुळं घाबरणाऱ्यांना कुणी हसू नये. तोडकऱ्यांच्या कोप्या (झोपड्या) उसाला अगदी खेटून नकोत आणि लहान मुलं अंधारात उसाच्या कडेला जायला नकोत.

बऱ्याचदा ती पिल्लं रानमांजराची निघतात, त्यांचा रंग मातकट असतो आणि अंगावर पुसट पट्टे, बिबट्याच्या पिल्लाला दाट काळे ठिपके असतात. पण ओळख पटवत बसायचं काम आपलं नाही. वनखात्याचे लोक आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर पिल्लं तपासून, संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच शेतात जिथं सापडली तिथंच ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक करून घेऊन जाते, असं अनेकदा झालंय. म्हणून नेमकी जागा लक्षात ठेवा, तिथं एक ऊस रोवून कापड बांधलं तरी पुरे. आणि ऊस किंवा पाचट पेटवू नका, आगीत पिल्लं भाजून मेल्याच्या घटना पुणे जिल्ह्यात झाल्यात.

प्रश्न : नांगरटीत टिटवीची चार अंडी दिसली, उचलून बांधावर ठेवू का?

उत्तर : नको, उचलू नका. भोवती दोन-तीन दगड ठेवा म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला दिसेल, आणि तेवढा तुकडा सोडून पुढं जा. साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात आणि लगेच चालायला लागतात, मग तो तुकडा खुशाल नांगरा.