फ्लास्कमधून बाहेरचा एपीआय कॉल करायला रिक्वेस्ट्स, एचटीटीपीएक्स की एआयओएचटीटीपी?

तुमचं ॲप फ्लास्क या पायथनच्या वेब चौकटीचं आहे, गनिकॉर्न या सर्व्हरवर ४ सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस) चालतात आणि बाहेरच्या एका सेवेकडून माहिती आणायची आहे. अशा ॲपसाठी या तीन पायथन लायब्ररींपैकी मी रिक्वेस्ट्सच सुचवेन. मात्र ती जशी येते तशी वापरू नका. लायब्ररीच्या निवडीपेक्षा तिच्या सेटिंगकडे दुर्लक्ष झाल्यानं साइट जास्त वेळा अडकते.

सगळ्यात आधी टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा. रिक्वेस्ट्समध्ये तो मुळात नसतोच. तुम्ही दिला नाही तर कॉल कितीही वेळ वाट बघत बसतो. समोरची सेवा अडली आणि चार जणांनी तेच पान उघडलं, की चारही वर्कर गुंततात. पाचव्याला तुमचं साधं मुख्य पानसुद्धा दिसत नाही, आणि ३० सेकंदांनी गनिकॉर्न वर्कर मारतं. म्हणून टाइमआउटला दोन आकड्यांची जोडी द्या: जोडणीसाठी ३.०५ आणि वाचनासाठी ८ सेकंद. जोडणीचा आकडा ३ पेक्षा किंचित जास्त ठेवतात, कारण टीसीपीचं पाकीट पुन्हा पाठवण्याची जुनी ठरलेली मुदत ३ सेकंदांची आहे.

हा ८ चा आकडा पूर्ण कॉलसाठी नाही, हे नीट लक्षात घ्या. सलग ८ सेकंद काहीच आलं नाही तरच तो लागू होतो. सर्व्हरनं दर ७ सेकंदांना एकेक बाइट पाठवला, तर या टाइमआउटच्या हिशेबानं कॉल तासभरही चालेल. मोठं उत्तर अपेक्षित असेल तर स्ट्रीम चालू करून तुकड्यातुकड्यानं वाचा आणि एकूण वेळ स्वतः मोजा.

दुसरं म्हणजे सेशन, म्हणजे एकदा केलेली जोडणी पुन्हा वापरण्याची सोय. नुसतं गेट फंक्शन वापरलं तर दर कॉलला नवी जोडणी होते आणि टीएलएसचा हँडशेकही (सुरक्षित जोडणीआधीची देवाणघेवाण) नव्यानं होतो. प्रत्येक वर्करमध्ये एक सेशन बनवा, पण वर्कर फोर्क झाल्यानंतर, म्हणजे मूळ प्रोसेसपासून वेगळा झाल्यानंतर. नाहीतर एकच सॉकेट (जोडणीचं टोक) दोन प्रोसेसकडे जाऊन उत्तरं एकमेकांत मिसळू शकतात. सेशन कुकी जपून ठेवतं. बाहेरची सेवा कुकीवर वापरकर्ता ओळखत असेल तर सामायिक सेशन अजिबात नको, एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल. पुढे वर्करमध्ये थ्रेड वाढवलेत, तर पूलचा (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याचा) आकारही वाढवा. तो मुळात १० असतो आणि त्यावरच्या जोडण्या वापरून झाल्या की फेकल्या जातात.

रीट्राय, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा करणं, ॲडॉप्टरमधून (सेशनचा जोडण्या सांभाळणारा भाग) लावा, आणि तो एचटीटीपी व एचटीटीपीएस या दोन्ही उपसर्गांवर बसवा. इथे बरेच जण फसतात: तीन रीट्राय म्हणजे एकूण चार प्रयत्न, ८ सेकंदांच्या हिशेबानं ३२ सेकंद. म्हणजे तुमची चूक हाताळणारा कोड चालण्याआधीच गनिकॉर्न वर्कर मारणार. एकच रीट्राय ठेवा. पोस्ट (माहिती पाठवणारी विनंती) सर्व्हरकडे गेल्यानंतर फसली, तर तिच्यावर तो आपोआप होत नाही, आणि तेच बरं आहे. पैशाचा व्यवहार दोनदा नोंदला जाणं परवडत नाही. समोरची सेवा आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती दोनदा आली तरी एकदाच नोंदली जावी म्हणून दिलेली खूण) स्वीकारत असेल तरच पोस्टला परवानगी द्या.

एचटीटीपीएक्समध्ये टाइमआउट मुळातच ५ सेकंदांचा असतो, ही तिची मोठी जमेची बाजू. रिक्वेस्ट्सवरून तिच्याकडे जाताना रीडायरेक्टचा पर्याय मात्र चालू करावा लागतो, ती स्वतःहून नव्या पत्त्यावर जात नाही. ॲप फास्टएपीआय या असिंक वेब चौकटीवर असतं, तर मी एचटीटीपीएक्सचा असिंक (उत्तराची वाट बघताना दुसरी कामं चालू ठेवणारा) क्लायंटच सांगितला असता. असिंक फंक्शनच्या आत रिक्वेस्ट्स वापरली तर तेवढा वेळ अख्खा इव्हेंट लूप (सगळी असिंक कामं आळीपाळीनं चालवणारं चक्र) थांबतो. एआयओएचटीटीपी एकाच वेळी शेकडो कॉल करणाऱ्या असिंक सेवेला शोभते; तिचा एकूण टाइमआउट मुळात ५ मिनिटांचा आहे, तो कमी करा. फ्लास्कमध्ये व्ह्यू असिंक केला तरी एका विनंतीला एक वर्कर अडकतोच, म्हणून त्यासाठी लायब्ररी बदलू नका.

उत्तर वापरकर्त्याला लगेच नको असेल, जसं ईमेल किंवा वेबहुक (दुसऱ्या सेवेला पाठवायची सूचना), तर कॉल सेलरीसारख्या, कामं नंतर वेगळी उरकणाऱ्या रांगेत टाका.

शेवटी तपासून बघा. आपल्याच मशीनवर नेटकॅट या साधनानं एक पोर्ट उघडा, जो एकामागून एक जोडण्या घेत राहतो पण उत्तर देत नाही, आणि एपीआयचा पत्ता साध्या एचटीटीपीनं तिकडे वळवा. एका रीट्रायसह सुमारे १६ सेकंदांत चूक यायला हवी. त्याच्या पुढे गेलं, तर कुठला तरी कॉल या सेशनमधून जात नाहीये.