जुळ्यांसाठी ‘सुवर्णा’ मेंढा आणला, तरी कोकरू एकेकच का?

माण तालुक्यातील एका मेंढपाळ बंधूंचा प्रश्न असा आहे की, जुळी कोकरे मिळावीत म्हणून त्यांनी गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून ‘नारी सुवर्णा’ या जुळी देणाऱ्या जातीचा म्हणून नर मेंढा घेतला, तो आपल्या दख्खनी कळपात सोडला, परंतु यंदा व्यालेल्या बहुतेक मेंढ्यांना एकेकच कोकरू झाले. ‘आमची फसवणूक झाली का?’ असे ते विचारतात. जत तालुक्यातून दुसरी विचारणा आली आहे की, जुळ्यातला दणकट नर निवडून पैदाशीसाठी ठेवला तर त्याच्या रक्ताची वेगळी तपासणी करण्याची गरज आहे का. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे उत्तर एकत्र देत आहे.

एका वेतात किती कोकरे होणार, हे मेंढीच्या अंडाशयातून त्या माजात किती स्त्रीबीजे सुटतात यावर ठरते. नर मेंढ्याचा त्यात काहीही वाटा नसतो. त्याच्या अंगी जुळ्यांचे जनुक असले तरी ते त्याच्यात दिसत नाही आणि ज्या मेंढीवर तो सोडला तिच्या त्या वेतातही दिसत नाही. ते दिसते त्याच्या मुलींच्या वेतात. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. त्यानंतर जन्मलेली मादी वाढून, माजावर येऊन पहिल्यांदा विण्यास आणखी दीड वर्ष सहज जाते. म्हणजे नर सोडल्यापासून फळ दिसेपर्यंत दोन ते अडीच वर्षे धरावीत. त्यामुळे यंदाच्या कोकरांवरून हा मेंढा खरा की खोटा, हे सांगताच येणार नाही, आणि या कारणावरून तो विकून टाकणे घाईचे ठरेल.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ ही मेंढी अंगाने अगदी लहान असली तरी जुळी-तिळी देण्यात तरबेज आहे. मात्र तिचे लहान अंग आपल्या मटणाच्या बाजाराला परवडणारे नाही. म्हणून गरोळचा दख्खनीशी संकर करून, पुढच्या पिढ्यांत पुन्हा आपल्याकडच्या मोठ्या अंगाच्या मेंढ्यांकडे वळून, अंग दख्खनीचे आणि जुळ्यांचे जनुक तेवढे गरोळचे, अशी निवड करण्यात आली. या जनुकाला ‘फेक-बी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनो मेंढ्यांतही हेच जनुक आहे, आणि 1792-93 च्या सुमारास बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते पोहोचले असावे, असे मानले जाते. 2001 साली त्यातील नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या नमुन्यावरून तो ओळखण्याची सोय झाली. एरवी नराच्या मुली विण्याची वाट पाहूनच निवड करावी लागली असती.

आता व्यवहाराचा भाग. प्रत्येक जनावरात या जनुकाच्या दोन जागा असतात, एक बापाकडून भरते आणि एक आईकडून. नराच्या दोन्ही जागी फेक-बी असेल, तर साध्या दख्खनी मेंढीपासून झालेल्या त्याच्या सर्वच मुलींना एकेक प्रत मिळते. एकाच जागी असेल, तर सरासरी निम्म्या मुलींना मिळते आणि निम्म्या कोऱ्या राहतात. दिसायला हे दोन्ही नर सारखेच, त्यामुळे बाजारात सांगितलेल्या नावावर विसंबू नये. खरेदीपूर्वी तपासणीचा अहवाल मागावा, त्यावरील क्रमांक मेंढ्याच्या कानातील बिल्ल्याशी ताडून पाहावा आणि दोन प्रती असलेलाच नर घ्यावा.

जतच्या बंधूंना याच हिशोबातून उत्तर मिळते. एक प्रत असलेली मेंढी साध्या नरापासून जुळे व्याली, तरी त्या जुळ्यातील प्रत्येक कोकराला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मीच असते. उलट एकुलता जन्मलेला नरही ते घेऊन आलेला असू शकतो, कारण एक प्रत असलेली मेंढी प्रत्येक वेताला जुळेच देते असे नाही. शंभर वेतांमागे साधारण चाळीस-पन्नास कोकरे जास्त, एवढीच अपेक्षा ठेवावी. रक्ताची तपासणी कोणत्याही वयात करता येते, म्हणून नर कोकरे बाजारात जाण्याआधीच ती करून घ्यावी. चांगला नर विकून झाल्यावर अहवाल हाती येऊन उपयोग नाही. माडग्याळ जातीच्या मेंढ्यांच्या बाकदार नाकाला आपल्याकडे मोठी किंमत मोजली जाते, ती हौस म्हणून मोजावी. नाकावरून जुळ्यांचा अंदाज बांधता येत नाही.

वजनाची गोष्ट वेगळी आहे. वाढ आणि दूध ही अनेक जनुकांची मिळून कमाई असते, तिथे अशी एकच तपासणी पुरत नाही. त्यासाठी जन्माचे व तीन महिन्यांचे वजन, आईचा बिल्ला क्रमांक आणि वेताची तारीख एका वहीत लिहीत जावी, आणि नर निवडताना ती वही उघडावी.

भटकंतीच्या कळपात दोन प्रतींच्या मेंढ्या मुद्दाम वाढवू नयेत, असे माझे मत आहे. अशा मेंढ्यांना तिळी झाली की कोकरे अशक्त जन्मतात, आईचे दूध पुरत नाही आणि वाघरीतच, म्हणजे कळपाच्या जाळीच्या कुंपणातच, मर होते. म्हणून सुवर्णा नराच्या मुलींवर पुन्हा सुवर्णा न सोडता चांगल्या वाढीचा साधा दख्खनी किंवा माडग्याळ नर सोडावा; बापाला मुलींवर तर कधीच सोडू नये. जुळ्याची गाभण मेंढी शेवटचा दीड महिना नुसत्या चराईवर ठेवू नये, रोज 200 ते 300 ग्रॅम खुराक द्यावा. व्याल्यावर पहिल्या एक-दोन तासांत दोन्ही कोकरांना चीक मिळतो की नाही हे स्वतः पाहावे, कारण दांडगे कोकरू कासेला चिकटते आणि लहान मागे राहते. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे. आईचा कमी पडल्यास त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा काढून बाटलीने पाजावा.

माणच्या बंधूंनी सध्या एवढेच करावे: त्या मेंढ्याचे रक्त जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासणीस पाठवावे आणि अहवाल येईपर्यंत त्याच्या एकाही मादी कोकराची विक्री करू नये.