पेंटबॉल मार्करची गोळी निम्म्या मैदानातच पडते? स्क्रूला हात लावण्याआधी हे पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिखलदऱ्याजवळच्या कृषी पर्यटन केंद्रासाठी तुम्ही टिपमन ९८ जातीचे जुने मार्कर (रंगाच्या गोळ्या फेकणाऱ्या खेळाच्या बंदुका) घेतले. गॅस सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वापरता. डिसेंबर लागल्यापासून सकाळच्या खेळात गोळी निम्म्या मैदानातच जमिनीवर येते. वेगाचा स्क्रू पूर्ण बाहेर घेऊन पाहिला, तरी फरक नाही. हे मार्कर भंगारात काढावेत का, की शेतात रोही (नीलगाई) हाकलायला देऊन टाकावेत?

भाऊ, भंगारात काढू नका. आणि आधी सगळ्या मार्करचे स्क्रू परत आत घ्या, मग पुढचं वाचा. तुमच्या वर्णनावरून दुखणं मार्करमध्ये कमी आणि सिलिंडरमध्ये जास्त दिसतं. सकाळच्या गारठ्यात पूर्ण उघडलेला स्क्रू दुपारच्या उन्हात तसाच राहिला, तर तोच मार्कर मर्यादेच्या वर गोळी फेकेल, आणि समोर सहलीला आलेले शाळेचे पोट्टे उभे असतील. रामटेककडच्या एका मैदानावरचे मार्कर माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यांतल्या बहुतेकांचा वेग कमी असण्याचं कारण बाहेरच सापडतं, मार्कर उघडावाही लागत नाही.

तो स्क्रू करतो काय, ते एकदा समजून घ्या. ट्रिगर ओढला की मागचा बोल्ट स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो. त्याला दांडीने जोडलेला पुढचा बोल्ट गोळीला नळीच्या तोंडात ढकलतो आणि मागचा बोल्ट व्हॉल्व्हच्या पिनवर आदळतो. व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. थोडा गॅस पुढे जाऊन गोळी फेकतो, थोडा मागे येऊन बोल्टला परत ढकलून कॉक करतो, म्हणजे पुढच्या गोळीसाठी तयार ठेवतो. टिपमनचा स्क्रू फक्त पुढे जाणाऱ्या गॅसच्या वाटेत आडवा येतो. वाट पूर्ण मोकळी केली तरी मागून गॅसचा दाबच कमी असेल किंवा बोल्टचा ठोका हलका पडत असेल, तर वेग येणार कुठून? म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. टिपमनमध्ये स्क्रू आत घेतला की वेग कमी होतो, बाहेर घेतला की वाढतो. स्पायडर पद्धतीच्या मार्करमध्ये मागची गुंडी स्प्रिंग दाबते, तिथे आत फिरवल्यावर वेग वाढतो. दोन्ही जातीचे मार्कर एकाच पेटीत असतील तर पोरांना हे नीट सांगून ठेवा. आणि स्क्रूचं डोकं बॉडीच्या बाहेर येईल इतकं कधीही उघडू नका.

आता सिलिंडर. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वरच्या वाफेचा दाब पूर्णपणे तापमानावर चालतो. २० अंश सेल्सिअसला हा दाब साधारण ८३० पीएसआय (दाबाचं माप) असतो, १० अंशांना ६५० च्या आसपास, आणि शून्याला ५०० च्या आसपास. चिखलदऱ्याला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो. रात्रभर टिनाच्या शेडमध्ये पडलेलं सिलिंडर सकाळी लावलं तर ते भरलेलं असूनही अर्धमेल्या दाबाने चालतं. त्यात पोरं भराभर ट्रिगर ओढतात. द्रवाची वाफ होताना सिलिंडर आणखी गार होतं, अंगावर दव किंवा बर्फ धरतं आणि दाब अजून पडतो. पहिल्या चार गोळ्या बऱ्या जाऊन पुढच्या ढेपाळत असतील तर हेच कारण धरा.

उपाय साधा आहे. सिलिंडर रात्री माणसं झोपतात त्या खोलीत ठेवा, खेळाच्या वेळीच बाहेर काढा. दर मार्करमागे दोन सिलिंडर असतील तर आळीपाळीने लावा. मार्कर धरताना सिलिंडरचं तोंड खाली झुकू देऊ नका, नाहीतर द्रव थेट मार्करमध्ये उतरतो आणि वेग कधी खाली तर कधी एकदम वर जातो.

हे मात्र हात जोडून सांगतो: सिलिंडर शेकोटीजवळ ठेवायचं नाही, चुलीजवळ नाही, उकळत्या पाण्यात तर नाहीच. थंडीत मैदानावर शेकोटी पेटलेलीच असते आणि कुणाला तरी ही कल्पना हमखास सुचते. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव म्हणून राहतच नाही, मग दाब किती चढेल ते सिलिंडर किती भरलंय यावर ठरतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या सिलिंडरची सेफ्टी डिस्क फुटते ती यामुळेच. भरताना नेहमी वजनावर भरून घ्या. २० औंसाच्या सिलिंडरमध्ये ५६७ ग्रॅमच गॅस बसवायचा असतो, ‘अजून थोडा मारून द्या’ म्हणायचं नाही. आल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून पाहा, कमी भरल्याची शंकाही तिथेच मिटते. सिलिंडरवर टेस्टची तारीख कोरलेली असते, तीही वाचा. देशभरातल्या गॅस सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. जुन्या मालासोबत आलेल्या सिलिंडरची टेस्ट झालेली नसेल तर ते भरून घेऊ नका.

एवढं करून सुद्धा काही मार्कर ढिलेच राहिले, तर अदलाबदल करा. तुमच्याकडे एकाच जातीचे अनेक मार्कर आहेत, ही मोठी सोय आहे. चांगल्या मार्करचं सिलिंडर वाईटाला लावा, मग नळी बदला, मग गोळ्या बदला, एका वेळी एकच वस्तू. ज्या वस्तूबरोबर दुखणं दुसऱ्या मार्करवर जातं, दोष तिच्यात.

सोबत क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, हवाच. पर्यटकांना खेळवणाऱ्या माणसाने याचा खर्च टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. एका मार्करमधून दहा गोळ्या मारून वेगाचे आकडे (फूट प्रति सेकंद) लिहून घ्या. सगळे आकडे सारखेच कमी, म्हणजे २२०, २१८, २२२ असे आले, तर दाब कमी आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. आकडे विखुरलेले, म्हणजे २७०, २१०, २५० असे आले, तर गोळी, नळी किंवा गोळी अडवणारी रबरी जीभ यांच्याकडे बघा. सुरुवात चांगली होऊन भराभर मारताना आकडा घसरत गेला, तर गॅस पुरेशा वेगाने येत नाही. सिलिंडर गार झालेलं असतं, नाहीतर तोंडाची पिन झिजून पूर्ण दबत नसते.

गोळी आणि नळीचा मेळ हा भाग बहुतेक लोक सोडून देतात, आणि तिथेच सर्वांत जास्त वेग वाया जातो. गोळीचं कवच जिलेटीनचं असतं. ती ०.६८ कॅलिबरची म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटरची म्हणून विकली जाते, पण प्रत्यक्षात थोडी लहान-मोठी येते. दमट हवेत ती फुगते, उन्हात मऊ पडते, एकाच अंगावर महिनाभर पडून राहिली की चपटी होते. मार्कर बाजूला ठेवून नुसती नळी हातात घ्या, मागच्या बाजूने गोळी टाका. गोळी आपोआप गडगडत पुढून बाहेर पडली तर नळी सैल आहे, गॅस गोळीच्या कडेने निसटतो आणि वेग पडतो. तोंडाने जोरात फुंकल्यावर गोळी निघाली तर मेळ बरोबर. फुंकूनही हलली नाही तर घट्ट आहे, ती नळीतच फुटेल. पावसाळ्यातल्या उरलेल्या गोळ्या तुम्ही आता वापरत असाल, तर त्यांतली एक नव्या गोळीशेजारी ठेवून पाहा. गोळ्या हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा आणि डबा अधूनमधून उलटा-पालटा करा.

नळीत फुटलेल्या गोळीचा वाळलेला रंग असेल तर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. नळीत तेल सोडायचं नाही. ती रबरी जीभ झिजली असेल तर गोळी बोल्ट येण्याआधीच पुढे सरकते. जीभ स्वस्त असते, सगळ्या मार्करच्या एकदम बदलून टाका.

यानंतरच मार्कर उघडा. आधी सिलिंडर काढा, नळीवर कव्हर घाला, सुरक्षित दिशेला ट्रिगर ओढून आतला उरलेला गॅस सोडा, डोळ्यांवर चष्मा घाला. टिपमन ९८ ची बॉडी दोन फाकांत उघडते, आतल्या स्प्रिंगा उडतात, म्हणून झाकण उचलताच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागच्या बोल्टवरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) पाहा. फवारणी पंपाचं वायसर वाळलं की दांडा कितीही मारला तरी धार येत नाही, तसंच या रिंगचं. कोरडी असेल तर बोल्ट अडखळत जातो आणि ठोका हलका बसतो, चिरली असेल तर गॅस मागून निसटतो आणि मार्कर पुन्हा कॉक होत नाही. आपल्याकडची काळी माती तेलात मिसळली की तिचा घासणारा लेप होतो, म्हणून जुनं तेल पूर्ण पुसून मगच नवे दोन-चार थेंब टाका. पेंटबॉलचं तेल नसेल तर हवेवर चालणाऱ्या हत्यारांचं तेल चालतं. गंज सोडवणारा स्प्रे मात्र नको, त्याने रबर खराब होतं.

मागची स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून बघा. जुनी आखूड दिसली तर बदला. खेचून लांब करू नका, आठवडाभरात ती पुन्हा बसते. सिलिंडर लावल्यावर नळीतून सतत ‘स्स्स’ आवाज येत असेल तर व्हॉल्व्हची सील गेली आहे. ती व्हॉल्व्हसकट बदलावी, हे माझं मत.

सिलिंडरच्या तोंडाची ओ-रिंग ०१५ नंबरची असते, आतला व्यास १४ मिलिमीटर आणि जाडी १.७८. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक दुकानात १४ बाय २ ची रिंग मिळते. ती जवळपास सारखी दिसली तरी जाड आहे, आणि साधं काळं नायट्राइल रबर सीओटू शोषून फुगतं. पॉलियुरेथेनची मागवा, पाकीटभर घेऊन ठेवा.

पुढेमागे हवेच्या सिलिंडरवर गेलात तर एवढं पाहा: या मार्करला रेग्युलेटरमधून ८०० पीएसआयच्या आसपास दाब लागतो, ४५० वाला घेतला तर वेग येणारच नाही. भरण्याच्या तोंडाशी तेल-ग्रीस अजिबात नको, दाबाच्या हवेत ते पेट घेतं.

रोह्यांचं म्हणाल तर मार्कर त्या कामाला देऊ नका. रोही असो की रानडुक्कर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराला इजा करणंही शिकारीत धरलं जातं, आणि डोळ्यात बसलेली गोळी जनावर आंधळं करते. पिकाचं नुकसान मी स्वतः बघतो, त्याचा राग मला कळतो. पण त्यासाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा.

सगळं झाल्यावर वेग लावा, तोही दुपारी, ऊन तापल्यावर आणि सिलिंडर हवेइतकं गरम झाल्यावर. खेळाची कमाल मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद आहे, पर्यटकांसाठी मी २६० ते २७० च्या वर जात नाही. २८० चा वेग ३२० झाला तर आकडा सातव्या हिश्शाने वाढतो, पण गोळीचा मार जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. स्क्रू पाव फेरा फिरवा, तीन गोळ्या मारा, आकडा बघा, मग पुढचा पाव फेरा. सकाळी वेग २४० वर आला तरी खेळ होतो, मैदान थोडं लहान आखा. दहा-दहा गोळ्यांचे सकाळचे आणि दुपारचे आकडे मार्करवर नंबर टाकून इथे लिहा, मग कोणाची स्प्रिंग बदलायची ते बघू.