पाच वाजताचा आकडा

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिल्याच पानावर २० नोव्हेंबर २०२४ चं महाराष्ट्र विधानसभेचं मतदान घेतलंस: संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५. मग लगेच सवाल, मधली मतं आली कुठून? सवाल जरूर विचार, पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. पाचचा आकडा म्हणजे केंद्रांवरून घाईत वर कळवलेला अंदाज. शिवाय सहाच्या आत रांगेत लागलेल्याला मत देऊ द्यावंच लागतं. एवढ्या वजाबाकीवर प्रबंध उभा राहत नाही.

खरा कागद म्हणजे फॉर्म १७ सी. मतदान संपल्यावर यंत्रात किती मतं नोंदली गेली ते केंद्राध्यक्ष त्यात भरतो, सही करतो आणि उमेदवारांच्या हजर प्रतिनिधींना प्रत देतो. मोजणीनंतर केंद्रवार निकाल फॉर्म २० मध्ये येतो. हे दोन्ही शेजारी ठेव. फरक सापडतील, हुरळून जाऊ नकोस. सकाळचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेली चाचणीची मतं, पुसायचं राहिलं तर ते यंत्र बाजूला ठेवतात, आणि विजयाचं अंतर मोठं असेल तर त्याची मतं धरतही नाहीत. अशी केंद्रं आधी वेगळी काढ. काम कंटाळवाणं आहे, म्हणून तर फारसं कुणी करत नाही.

व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र, त्याबद्दल निवडणूक आयोगाचं म्हणणं तू एका ओळीत उडवून लावलंस, ते पटलं नाही. २८८ मतदारसंघांत प्रत्येकी ५, म्हणजे १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या, यंत्रातल्या मतांशी तफावत नव्हती, असं ते सांगतात. यंत्रं खरोखर सोडत काढून निवडली असतील, तर राज्यभर शंभरात एक यंत्र गडबडलेलं असूनही सगळी निसटणं जवळपास अशक्य. पण एकाच मतदारसंघात विसात एक यंत्र बिघडलं असेल, तर पाचांच्या तपासणीत ते सापडण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के. आणि मुंबई उत्तर-पश्चिमची लोकसभेची जागा त्याच वर्षी ४८ मतांनी गेली. तीच तपासणी राज्याला पुरते, एका जागेला तोकडी पडते. तुझा प्रबंध इथे आहे, असं मला वाटतं.

मतदारयादीत वाढलेल्या नावांचा वाद यात मिसळू नकोस. तो वेगळा अभ्यास आहे, घरोघर फिरून करायचा. निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरन्यायाधीशांच्या जागी २०२३ च्या कायद्याने केंद्रीय मंत्री आले, हाही निःपक्षपातीपणाचाच प्रश्न. पण तो मतांच्या आकड्यांत शोधू गेलीस तर हाती काही लागणार नाही.

दिवाळीपर्यंत अटीतटीचा एकच मतदारसंघ घे. १७ सीच्या प्रती हरलेल्याकडे माग, जिंकलेल्याकडेही माग. दोघांच्या प्रतींतले आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर कुठेही लिहिण्याआधी मला फोन कर.