जुनी गाडी घेताना कॉम्प्रेशन कमी आहे हे कसं ओळखायचं?

गाडी चढाला ओढत नाही, आयडलिंगला थरथरते आणि विकणारा म्हणतोय "फक्त प्लग बदला", असं तुम्ही लिहिलंय. पेट्रोल गाडी धरून सांगतो: प्लगवर खर्च करू नका, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायचं गेज लावा.

इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडा. मग एकेका सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गेज बसवा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद स्टार्टर मारा. बॅटरी उतरलेली असली तर आकडे उगाच कमी येतात. चांगल्या इंजिनात बहुधा १५० ते १९० पीएसआय मिळतं, पण मी आकड्यापेक्षा फरक बघतो. तीन सिलिंडर १७० आणि एक ११०, म्हणजे दुखणं तिथेच.

त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. काटा चढला तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) गेलंय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडले असतील तर माझा पहिला संशय गॅस्केटवरच.

व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून भागतं. रिंगांसाठी मात्र इंजिन खोलावं लागतं, तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.