जुनी केस फॉर्मवर लिहावी की लपवावी?

कळव्याचे एक इलेक्ट्रिशियन, वय पंचेचाळिशीचं. 2009 मध्ये चाळीतल्या मारामारीवरून भारतीय दंड संहितेचं कलम 324 (घातक हत्याराने दुखापत) लागलं, ठाण्याच्या कोर्टात दोषी ठरले आणि वर्षभराच्या बाँडवर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सुटले. आता आखातात काम मिळतंय, पासपोर्ट हवा. माझ्याकडे सल्ल्याला आले तेव्हा प्रश्न नेहमीचाच: "मॅडम, केस लपवली तर चालेल का? नाहीतर जन्मभराचा डाग."

लपवू नका. पण आधी नेमकं काय झालंय ते बघा. त्यांच्याकडे निकालाची अर्धवट झेरॉक्स होती, शेवटचं पान गायब. खरं तर सगळं त्याच पानावर असतं: कोणतं कलम, कैद, दंड की बाँड. जुन्या केसेस ऑनलाइन सापडतीलच असं नाही. केस नंबर, पोलीस स्टेशन, गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात सर्टिफाइड कॉपीचा अर्ज करावा. पनवेल, खारघरची पोलीस स्टेशनं नवी मुंबई आयुक्तालयात येतात, पण जिल्हा रायगड. तिथल्या केसचे कागद ठाण्यात शोधू नका.

कॉपी आली तेव्हा कळलं, त्यांना परिवीक्षा कायदा 1958 च्या कलम 4 खाली (कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या बाँडवर) सोडलं होतं. मग कलम 12 लागू होतं: त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्यांना चिकटत नाही. बाँड मोडून नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली असती, तर हे संरक्षण गेलं असतं. मात्र दोषसिद्धी पुसली जात नाही, हे ऐकून ते नाराज झाले. साहजिकच आहे, पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा हे बरं.

पासपोर्ट कायद्यात मागच्या पाच वर्षांतली नैतिक अधःपतनाच्या (समाजाला लज्जास्पद वाटणाऱ्या) गुन्ह्यातली किमान दोन वर्षांची कैद आड येते. यांचं तसं काहीच नाही. अडचण येते ती पोलीस पडताळणीत. पोलीस स्टेशनच्या नोंदीत निकाल चढलेला नसला की केस 'प्रलंबित' दिसते आणि शेरा प्रतिकूल जातो. म्हणून सर्टिफाइड कॉपी जोडून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज द्यायला सांगितला. पोच घ्यायचीच, शिक्क्यासह. पासपोर्ट ऑफिसने खुलासा मागितला तर हेच कागद लागतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. 'आपल्याला हक्क नाही' असं समजून त्यांनी तेव्हापासून मतदानच केलं नव्हतं. मतदानाला मनाई असते ती तुरुंगात असेपर्यंत. यादीत नाव नसेल तर मतदार नोंदणीचा नमुना 6 भरावा.

ज्यांनी गुन्हा कबूल करून फक्त दंड भरला, त्यांनी 'केस मिटली' असं समजू नये. तीही दोषसिद्धीच, आणि कलम 12 तिथे मदतीला येत नाही. कबुलीनंतर अपील शिक्षेचं प्रमाण किंवा कायदेशीरपणा एवढ्यापुरतंच उरतं. अशांनी वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

कंपनीच्या फॉर्मवर "कधी दोषी ठरलात का?" असं विचारलं असेल, तर उत्तर 'होय'. माहिती दडवल्याचं उघड झालं की मूळ केस किरकोळ असूनही नोकरी जाऊ शकते. त्यांच्या फॉर्मखाली एवढंच लिहायला सांगितलं: "2009 ची केस, दोषी ठरल्यावर परिवीक्षा कायदा कलम 4 खाली बाँडवर सुटका, बाँडची मुदत पूर्ण, कलम 12 लागू, आदेशाची प्रत सोबत."