नील बेटावर बांबूच्या झोपडीत दोघांनी राहावं का?

तुम्ही विचारलंय की लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला अंदमानला जाताय, तर तीन रात्री नीलवर बांबूच्या झोपडीवजा हॉटेलात काढाव्यात की हॅवलॉकच्या एसी रिसॉर्टमध्ये. शिवाय बायकोला यातलं काही सांगायचं नाही, सरप्राइज द्यायचंय. सरप्राइजचं शेवटी बोलते.

नीललाच जा, असं माझं मत. फक्त खोलीचे फोटो बघत बसण्याआधी एक विचार करा: तिथली संध्याकाळ तुम्हा दोघांना आवडेल का?

अंदमानात घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, पण ही बेटं मुंबईच्या वीस अंश पूर्वेला आहेत. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पाच वाजायच्या आत सूर्य समुद्रात गेलेला असतो, मार्चमध्ये साडेपाचच्या सुमारास. संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने आणून दुपारी पोर्ट ब्लेअरला परत नेणाऱ्या पॅकेजवाल्यांची गर्दी तोवर गेलेली असते. (हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप, 2018 च्या डिसेंबरात नावं बदलली. पोर्ट ब्लेअरचंही 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलताना सगळे अजून जुनीच नावं घेतात.) म्हणजे पाचपासून झोपेपर्यंत चार-पाच तास हातात, आणि करायला काही नाही. बाजार म्हणजे मोजकी दुकानं, तीही लवकर आवरतात. मोबाइलला रेंज असली तर असली.

रिसॉर्टमध्ये हे तास भरून काढायची सोय असते. झोपडीत ते तुम्हालाच भरायचे असतात, आणि मला तरी सगळी गंमत त्यातच वाटली. आम्ही होतो तेव्हा एका संध्याकाळी वीज गेली. हॉटेलच्या मुलाने कंदील आणून ठेवला आणि जेवणाला वेळ लागेल म्हणून सांगून गेला. नवरा आणि मी पायरीवर बसून त्याच्या कॉलेजातल्या एका भांडणाबद्दल बोललो. इतक्या वर्षांत ते मी कधी ऐकलंच नव्हतं. तुम्हा दोघांना असं नुसतं बसणं जमत असेल तर नील तुमचं आहे. एकाला जरी जेवणानंतर काहीतरी 'ॲक्टिव्हिटी' हवी असेल, तर हॅवलॉक बरं, त्यात कमीपणा काही नाही.

आता तारखा. विमानाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा. याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते आणि कुठलाही एजंट हे सांगत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, आणि नीलचा सीतापूर किनारा पूर्वेलाच आहे. लक्ष्मणपूरला पश्चिमेचा सूर्यास्त बघून थेट सीतापूर गाठलंत तर वर आलेला चंद्र पाण्यावर सापडतो. बेट इतकं लहान आहे की स्कूटरवर हे सहज होतं. दुसऱ्या दिवशी चंद्र साधारण पाऊण-एक तास उशिरा येतो, म्हणजे तेव्हा घाईही नाही. अमावस्येचा हिशोब वेगळा: चंद्र नाही, दिवे थोडे, आणि आकाशात इतक्या चांदण्या की नेहमीची नक्षत्रं शोधायला वेळ लागतो. मला विचाराल तर अमावस्या सरस, पण हे आवडीवर आहे.

दोन्ही वेळा समुद्राला उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी लांब आत जातं. लक्ष्मणपूरच्या बाजूची ती खडकाची नैसर्गिक कमान, जिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, ओहोटीलाच नीट बघता येते, कारण वाट खडक-प्रवाळांमधून जाते आणि डबक्यांत अडकलेले मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. पोहणं हा तुमचा मुख्य कार्यक्रम असेल तर मात्र अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्या. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फारसं वरखाली होत नाही. उधाणाच्या ओहोटीला लक्ष्मणपूरला पोहायला गेलात तर गुडघाभर पाण्यात प्रवाळांवरून चालत राहाल. रबरी तळाचे बूट हवेतच, मेलेलं प्रवाळ पाय कापतं. कोकणातला तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशोब तिथे वापरू नका, तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत. हॉटेलवाल्याला विचारा, तो बिनचूक सांगतो.

महिने डिसेंबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस, त्यानंतरही ईशान्य मोसमीच्या सरी नोव्हेंबरपर्यंत येत राहतात. पावसाळ्यात बांबूची झोपडी रोमँटिक वगैरे काही नसते, ओली असते.

झोपडी निवडताना संकेतस्थळावरचा फोटो कामाचा नाही, फोन करून विचारा. पलंग एकच डबल आहे की दोन सिंगल जोडलेत? जोडलेले असतील तर मध्ये फट पडते आणि रात्रभर कोणीतरी त्या फटीत. मच्छरदाणी आहे का, आणि तिला भोकं नाहीत ना? बाथरूम जोडून आहे का, त्याला छत आहे का? (काही ठिकाणी मुद्दाम उघडं ठेवतात. अंघोळीला मजा येते, रात्री बेडूक सोबतीला.) वीज गेली तर पंखा किती वेळ चालतो? गरम पाणी बादलीने मिळेल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे विचारायला लोक लाजतात: शेजारची झोपडी किती लांब आहे? त्या भिंती सुपासारख्या विणलेल्या असतात, त्यातून वारा येतो तसाच आवाजही येतो. आमच्या शेजारच्यांचा घराच्या हप्त्यावरून चाललेला वाद आम्हाला पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत कळला. म्हणजे आमचंही सगळं त्यांना कळत असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही कडेची झोपडी मागून घेतली. लग्नाचा वाढदिवस आहे, तुम्ही आधीच मागून ठेवा.

हनिमून पॅकेजमधला कँडल लाइट डिनर आणि टॉवेलचे हंस यांच्यावर पैसे घालवू नका. वाळूत मेणबत्ती वाऱ्याने टिकत नाही आणि तुमच्याभोवती एक वेटर अवघडून उभा राहतो. त्यापेक्षा सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन आज कुठला मासा आलाय ते विचारा आणि रात्रीचं जेवण सांगून ठेवा. अशा छोट्या हॉटेलात ऐनवेळी मागितलं तर तासभर थांबावं लागतं. नीलवरची बहुतेक वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची आहे, त्यामुळे मोहरीचा मासा-भात उत्तम. शाकाहारी असाल तरी अडत नाही. हे अंदमानचं भाजीचं बेट आहे, इथली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. भरतपूर, सीतापूर, रामनगर ही रामायणातली नावं त्या वस्त्यांची. दुपारी उन्हाच्या वेळी शेतांमधल्या रस्त्याने सायकल चालवत गेलात तर किनाऱ्याइतकंच ते लक्षात राहतं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहून घेऊन जा, एटीएम आणि नेटवर्क दोन्हींवर विसंबू नका. पहाटे आणि संध्याकाळी वाळूत बारीक माशा चावतात आणि ती खाज आठवडाभर जात नाही. ओल्या वाळूत पडून राहू नका, चटई किंवा खुर्ची घ्या. झुला नारळ लगडलेल्या झाडाखाली बांधू नका. किनाऱ्यावरचं प्रवाळ आठवण म्हणून उचलू नका. ते मेलेलं असलं तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. ग्लास बॉटम बोट भरतपूरला मिळते, पाणी स्वच्छ असेल तर घ्या, नाहीतर सोडा.

बोटीचा मात्र नीट विचार करा. पोर्ट ब्लेअर ते नील समुद्रातून चाळीसेक किलोमीटर. खाजगी जलद बोट दीड तासाच्या आत-बाहेर पोचवते, सरकारी बोट दोन तासांच्या आसपास. हवा बिघडली की दोन्ही रद्द होतात आणि दुसरा भरवशाचा मार्ग नाही. म्हणून परतीचं विमान आणि नीलहून परतीची बोट एकाच दिवशी ठेवू नका. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. सेल्युलर जेल तिथेच आहे, आणि मराठी माणूस ते बघितल्याशिवाय परतत नाही. ते शेवटी ठेवलंत तर नीलचे तीन दिवस मोकळे राहतात.

आता सरप्राइज. तारीख गुपित ठेवा, भेटवस्तू गुपित ठेवा, पण झोपडी गुपित ठेवू नका. विजेशिवायची रात्र, भिंतीवरची पाल आणि बादलीतलं गरम पाणी या गोष्टी आपण निवडल्या असतील तर त्यांचं हसू येतं. दुसऱ्याने परस्पर निवडल्या असतील तर त्यांचा राग येतो. आज रात्री जेवताना तिला दोन्ही हॉटेलांचे फोटो दाखवा. झोपडीच्या बाथरूमचाही मागवून घ्या आणि तोच आधी दाखवा.